हिरवा झेंडा वहिनींच्या हस्ते

४ जानेवारी

सौ. वहिनींना,
सा. न. वि. वि.

आनंदाची बातमी आहे. आपली 'सहा देश, चार गाड्या, चौऱ्याहत्तर दिवस' मोहीम पक्की झाली. दोन एप्रिल, सकाळी सात, मोटार क्लबच्या फाटकातून प्रस्थान. चौदा वर्षं तुमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेला नकाशा आता रस्त्यावर उतरणार! हे वाक्य मी काल समितीत म्हणालो तेव्हा दातांच्या डॉक्टरांचे डोळे पाणावले.

दादाला अर्धांगाचा झटका आला नसता तर मोहिमेचं नेतृत्व त्यानेच केलं असतं. ती जबाबदारी आता माझ्या खांद्यावर आली आहे. खांदा तयार आहे.

अंतिम यादी अशी: पहिली गाडी मी चालवणार, शेजारी फोटोवाला. दुसरीत डॉक्टर आणि त्यांची बायको. तिसरीत ठेकेदार आणि त्यांचा साडू. चौथीत मुख्याध्यापिका बाई आणि त्यांची बहीण. तुमचं नाव यादीत नाही, हे लक्षात आलंच असेल. समितीने फार विचारपूर्वक निर्णय घेतला आहे. पण तुम्हाला विसरलेलो नाही. माहितीपत्रकाच्या दुसऱ्या पानावर तुमचा फोटो आहे, खाली 'प्रेरणास्थान' असं ठळक अक्षरात. आणि हिरवा झेंडा तुमच्याच हस्ते, हे मी आग्रहाने ठरवून घेतलं.

दोन किरकोळ कामं. दादाची गाडी जादा टाक्या आणि ओढायच्या विंचसकट मार्च अखेरीआधी शहरात पोहोचवावी. आणि सोबतच्या दोन कागदांवर दादाची सही घ्यावी, सरहद्दीवर लागतात. डाव्या हाताची चालेल.

नारिंगी जाकिटं शिवून आली आहेत. झकास दिसतात.

तुमचा,
भाऊजी
(मोहीमप्रमुख)


११ जानेवारी

चि. भाऊजींना,
अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद सवयीने लिहिले गेले. वाचू नका.

फोन करणार होते, पण फोनवर गैरसोयीचं काही निघालं की तुम्हाला 'आवाज तुटतोय वहिनी' होतं. कागदाचा आवाज तुटत नाही, म्हणून पत्र.

शहरात सव्वीस वर्षं मी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. जिने चढणं ह्यांना जमेना म्हणून ते दुसऱ्याला देऊन या लहान गावात तळमजल्याचं घर घेतलं, आणि आता एकाच गाडीवर शिकवते. हे तुम्हाला माहीत आहे. तरी आठवण करून देते, कारण तुमच्या यादीतले चारही चालक माझ्या हाताखाली शिकलेत.

डॉक्टर डाव्या पायाने ब्रेक दाबतात. मी तो पाय सीटला पट्ट्याने बांधून शिकवलं होतं; पट्टा सुटला की पाय परत ब्रेकवर. ठेकेदाराला वाटतं, हॉर्न वाजवला की समोरचा डोंगर बाजूला होईल. मुख्याध्यापिका बाई उत्तम चालवतात, म्हणून त्यांना तुम्ही सगळ्यात मागे ठेवलंय. आणि तुम्ही. तुम्ही माझ्या परीक्षेत दोनदा नापास झालात. तिसऱ्यांदा सासूबाई म्हणाल्या, "पास कर गं त्याला, नाहीतर घरात बसून माझं डोकं खाईल." केवळ त्या माऊलीच्या डोक्यासाठी मी सही केली. त्या सहीचा मला आजवर पश्चात्ताप होता. आता लाज वाटते.

तुमचा आराखडाही वाचला. दिवस एकोणीस, वाळवंट पार, सहाशे चाळीस किलोमीटर. तुमच्या दादाने त्या टप्प्याला तीन दिवस दिले होते. हे आयुष्यभर जमिनी मोजत आले. उगाच दिले नसतील. तिथे रस्ता नाही, भाऊजी. चाकोऱ्या आहेत. ताशी वीस गेलात तरी दाढा हलतील. (तेवढ्यापुरते डॉक्टर उपयोगी.) तीनाचा एक दिवस का केलात? तळटीप आहे: 'छायाचित्र प्रदर्शनाची तारीख गाठण्यासाठी.' वाळवंटात तहानेने मरणाऱ्यांचं प्रदर्शन भरवायचं असेल तर तारीख नक्की गाठाल.

आता 'दादाची गाडी'. ती गाडी माझ्या नावावर आहे. शाळेसाठी मी घेतली, नऊ वर्षं मी बांधली. जादा टाक्या मी बसवल्या, विंच माझ्या हाताने लावली. शेजारी बसून नकाशा ह्यांनी वाचला, हे खरं. पण आमच्या प्रत्येक सराव-दौऱ्यात चाक माझ्या हातात होतं. परदेशाच्या सरहद्दीवर मालक गाडीत बसलेला लागतो, नाहीतर त्याचं संमतीपत्र. दादाची सही, डाव्या हाताची असो की उजव्या, तिथे शोभेची.

आणि मालक गाडी देणार नाही.

चौदा वर्षं या मोहिमेत पुढच्या गाडीचा चालक म्हणून माझं नाव होतं. ते कोणी खोडलं? समिती म्हणू नका. समितीला हात नसतात, माणसाला असतात. माणसाचं नाव सांगा.

वहिनी


१९ जानेवारी

सौ. वहिनींना,
सा. न.

तुमचं पत्र मिळालं. एवढा राग बरा नव्हे, या वयात रक्तदाब वाढतो.

निर्णय सर्वानुमते झाला आहे. कारणं अनेक आहेत. एक म्हणजे वय. तुम्ही छप्पन्नच्या. (मी चोपन्नचा आहे हे मला माहीत आहे, पण पुरुषांचं वेगळं असतं.) दोन, चौथ्या देशातली खिंड फार उंचावर आहे, तिथे दम लागतो. तीन, सगळीकडे खोल्या दोघांच्या घेतल्या आहेत; नववं डोकं आलं की सगळं गणित बिघडतं. चार, भावनिक बाजू. दादाशिवाय त्या रस्त्यावर तुम्हाला रडू आलं तर पुढची गाडी थांबणार, आणि मागच्या तिन्ही तिच्यावर आदळणार.

दाढांबद्दलचा विनोद डॉक्टरांना वाचून दाखवला. ते हसले नाहीत.

एकोणिसाव्या दिवसाचा पुनर्विचार करू. उपसमिती नेमली आहे.

गाडीबद्दल मात्र विनंती, असं अडवून धरू नका. ती एकच गाडी वाळूत रुतलेल्या दुसऱ्या गाडीला ओढू शकते. तिच्याशिवाय मोहीम निघणार नाही, आणि दादाचं स्वप्न तुमच्या हट्टापायी मोडलं असं लोक म्हणतील. मी नाही म्हणणार. लोक.

बाकी माझ्या तोंडून काही वदवून घेऊ नका. मी अनेक गोष्टी पोटात ठेवून बसलो आहे.

भाऊजी


२५ जानेवारी

भाऊजी,

'चि.' आणि 'प्रिय' दोन्ही गाळलं आहे, चूक नाही.

तुमच्या चारही कारणांना उत्तरं तयार होती. वयाला लिहिणार होते की गेल्या आठवड्यात मी जॅक नसताना लाकडी ओंडक्यावर गाडी उचलून चाक बदललं, तुम्ही अजून डबा उघडायला जाऊबाईंना हाक मारता. दम लागण्याला लिहिणार होते की दम बोलणाऱ्याला लागतो, चालवणाऱ्याला नाही. खोल्यांना लिहिणार होते की मी गाडीत झोपेन. तुमच्या घोरण्यापेक्षा लांडगे परवडले. पण आता ती उत्तरं तुम्हाला देण्यात अर्थ नाही, कारण कारणंच खोटी आहेत.

मुख्याध्यापिका बाईंचा परवा फोन आला. म्हणाल्या, "तुम्ही स्वतःहून माघार घेतलीत, फार वाईट वाटलं. पण घरची परिस्थिती आम्ही समजू शकतो."

मी म्हटलं, "मी कधी माघार घेतली?"

"अहो, ऑक्टोबरच्या बैठकीत तुमच्या दिरांनी निरोप वाचून दाखवला. 'वहिनींनी जड अंतःकरणाने नकार दिला आहे.' आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो."

दोन मिनिटं उभे राहिलात! मेलेल्या माणसासाठी राहतात तसे! मी इथे भाजी निवडत होते, आणि तिकडे आठ जण माझ्या जड अंतःकरणासमोर माना खाली घालून उभे!

म्हणजे समितीने मला काढलंच नाही. तुम्ही माझ्या तोंडचं वाक्य तयार केलंत, माझ्या वतीने म्हटलंत, आणि मग मलाच येऊन सांगता, 'सर्वानुमते'. मला सरळ नापास केलं असतंत तर मी भांडले असते आणि कदाचित विसरलेही असते. पण मी कधी म्हटलंच नाही ते वाक्य आता आठ लोकांच्या तोंडी माझं म्हणून फिरतंय. त्यांतले तिघं मला बाई म्हणतात, वाटेत दिसले की गाडी थांबवून नमस्कार करतात. त्यांच्या लेखी मी पळपुटी ठरले.

पोटात काय ठेवून बसला आहात ते ओका. नाहीतर मीच समितीला पत्र लिहिते, आठ प्रती काढून.

गाडी अंगणात आहे. किल्ली माझ्या गळ्यात आहे.

वहिनी


२ फेब्रुवारी

वहिनी,

ठीक आहे. मीच का म्हणून शिव्या खायच्या?

नाव मी खोडलं नाही. दादाने खोडलं. सोबत त्याचं पत्र पाठवतो. हे पत्र जाळून टाक असं त्याने तळाशी लिहिलं होतं. मी जाळलं नाही, कारण मला अनुभव आहे: या घरात कुठलंही खापर शेवटी माझ्याच डोक्यावर फुटतं. लहानपणी शेजारच्यांची काच त्याने फोडली आणि मार मी खाल्ला. तेव्हा माझ्याजवळ लेखी पुरावा नव्हता.

वाचा. आणि वाचून झाल्यावर मला एक ओळ तरी बरी लिहा. चार महिने मी दोघांमध्ये भरडला जातोय.

तुमचा,
भाऊजी


(सोबतचा कागद, अक्षर मोठं, वाकडं, ओळी खाली घसरलेल्या)

३ ऑक्टोबर

धाकट्या,

हिला नेऊ नकोस. नाव काढ. तिनेच नाही म्हटलं असं सगळ्यांना सांग. तिला सांग समितीने ठरवलं. मी सांगितलं असं कुणालाही कळता कामा नये.

मला कारण विचारू नकोस. हात दुखतो.

वाचून जाळ.

दादा


१७ फेब्रुवारी

सौ. वहिनी,

पंधरा दिवस उत्तर नाही. आणि मग परवा न कळवता तुम्ही थेट खाणीवरच्या सरावाला हजर! निदान मोहीमप्रमुखाला पूर्वसूचना देण्याचा शिष्टाचार असतो.

झालेल्या प्रकाराची माझी बाजू लेखी नोंदवून ठेवतो, कारण फोटोवाल्याने काढलेले फोटो एकतर्फी आहेत.

जुन्या खाणीतला वाळूचा पट्टा मी मुद्दाम निवडला होता. ठेकेदारांची गाडी घेऊन मी सगळ्यांत पुढे होतो. गाडी रुतली, हे मान्य. पण रुतणं हा सरावाचाच भाग आहे. मी वेग वाढवला, कारण जोर लावल्याशिवाय काही निघत नाही, हा माझा आयुष्यातला अनुभव आहे. गाडी पोटापर्यंत गेली. ठेकेदार हॉर्न वाजवायला सांगत होते. डॉक्टर मागून ढकलत होते, आणि त्यांच्या तोंडात इतकी वाळू गेली की ते स्वतःच खुर्चीत बसून तोंड उघडं ठेवायच्या लायकीचे झाले.

तेवढ्यात पाहतो तर काय, चढावर तुमची गाडी उभी आणि तुम्ही घडीच्या खुर्चीवर बसून थर्मासमधून चहा पिताय! चाळीस मिनिटं! वहिनी, चाळीस मिनिटं माणूस असं बघत बसतो?

मग तुम्ही खाली आलात, आणि मला म्हणालात, "भाऊजी, पाय काढा त्या पॅडलवरून. ते काही सासूबाईंचं डोकं नाही." हे सगळ्यांसमोर म्हणायची गरज नव्हती. चारही चाकांतली हवा कमी केलीत, चाकांखाली चटया सारल्यात, दहा मिनिटांत गाडी वर. विंच लावलीच नाहीत. मुख्याध्यापिका बाईंनी शिट्टी वाजवली. या वयात.

आणि दादा! दादा मागच्या सीटवर बसला होता, आणि त्याची एका गालावरची दाढी चक्क दहा दिवसांची, दुसरा गाल गुळगुळीत! मी विचारलं, "दादा, हे काय?" तर म्हणाला, "घरची बाब आहे." आणि काच वर केली.

संध्याकाळी समितीची तातडीची बैठक झाली. ठराव: पुढची गाडी तुमची, चालक तुम्ही, एकोणिसाव्या दिवसाचे पुन्हा तीन दिवस. बाजूने सात. विरोधात एक, म्हणजे मी. पण मोजताना माझा हात खाली आला होता म्हणून तेही मत धरलं नाही.

मला दुसऱ्या गाडीत मागची जागा देऊ केली आहे. बर्फाच्या पेटीशेजारी.

दादाचं काय करायचं ठरवलंय? हे विचारायचा मला हक्क आहे. मी त्याचा भाऊ आहे.

भाऊजी


२४ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देते. आधी त्या दाढीचं.

तुम्हाला माहीत आहे, झटक्यापासून ह्यांची दाढी मीच करते. रोज सकाळी, मोरीजवळच्या स्टुलावर, गळ्यात टॉवेल. तुमचं पाकीट आलं त्या सकाळी पोस्टमन लवकर आला होता. कागद वाचला, कमरेला खोचला आणि साबण लावायला घेतला. हातात वस्तरा असताना नवऱ्याला प्रश्न विचारू नये एवढं शहाणपण मला आहे. म्हणून उजवा गाल झाल्यावर वस्तरा खाली ठेवला आणि मग कागद काढला.

"हे अक्षर कुणाचं?"

त्यांनी पाहिलं. "माझंच. डाव्या हाताचं."

"सुधारलंय. सहज वाचता आलं."

"त्याला जाळ म्हटलं होतं."

"तुमच्या भावाने आजवर सांगितलेलं एक काम धड केलंय?"

मग गळ्यातला टॉवेल सारखा केला. म्हणाले, "तू गेली असतीस."

"गेलेच असते. चौदा वर्षं दुसरं काय ठरत होतं?"

"मी 'नको जाऊ' म्हटलं असतं तर राहिली असतीस. आणि राहिल्यावर रोज सकाळी हे असं माझ्यासमोर उभी राहिली असतीस. वस्तरा घेऊन."

"म्हणून पाप समितीच्या माथी?"

"समितीचं काय जातं? तिला तोंड कुठे आहे?"

बघा, दोघं भाऊ किती वेगळे! तुम्ही समितीआड लपता आणि तुमचे दादा तुमच्याआड.

मी म्हटलं, "अहो, भीती वाटत होती तर भीती वाटते म्हणायचं. चौऱ्याहत्तर दिवस कोण बघेल, पडलो तर कोण उचलेल, हे प्रश्न काय मला पडत नव्हते? आपण दोघांनी बसून उत्तर काढलं असतं. कदाचित मीच म्हटलं असतं, नाही जात. पण ते मी म्हटलं असतं."

तर हे काय म्हणाले, ऐका. "मी पडण्याबिडण्याची भीती नाही गं. तुझ्या शेजारच्या सीटवर दुसरं कुणीतरी नकाशा उघडून बसणार. तो फोटोवाला. त्याला उत्तर दिशा तरी कळते का? मला ते सहन झालं नसतं."

भाऊजी, माझ्या जागी दुसरी कुणी असती तर विरघळली असती. मी पण अर्धा मिनिट विरघळले. मग असा संताप आला की सांगता सोय नाही. माणसाला स्वतःला जाता येत नाही याचं दुःख समजू शकते. दोन वर्षं त्या दुःखाची बटणं मी रोज लावतेय. पण स्वतःची जागा रिकामी राहावी म्हणून माझी पण पुसून टाकायची? आणि तीसुद्धा माझ्याच तोंडी नकार घालून? त्यापेक्षा सरळ चाकाखाली आडवे झाले असते तर मी जास्त मान दिला असता.

"उरलेली दाढी?" त्यांनी विचारलं.

"समितीकडून करून घ्या," म्हटलं, आणि गाडी धुवायला गेले.

दहा दिवस आम्ही बोललो नाही. जेवण वेळेवर, गोळ्या वेळेवर, बटणं वेळेवर. दाढी उजव्या गालापुरती. पंधरा तारखेला सकाळी मी गाडी काढली तर हे काठी टेकत येऊन मागचं दार उघडून बसले. पुढचं नाही, मागचं. खाणीवर तुम्ही वाळूत पुरून घेत होतात तेव्हा मला एकदाच म्हणाले, "त्याला हवा कमी करायला सांग." मी म्हटलं, "तुम्हीच सांगा, तुमचं गुप्त पत्र चालतं ना?" म्हणून ती चाळीस मिनिटं. तुम्हाला वाटलं मी तुमची गंमत बघतेय. आम्ही भांडत होतो.

घरी परतल्यावर मी उरलेला गाल केला. माफ केलं असं समजू नका. दोन गाल दोन वयांचे दिसत होते, आणि मला गावात तोंड दाखवायचं असतं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मी जाणार. दोन एप्रिल, सकाळी सात. शेजारी फोटोवाला बसेल. त्याला उत्तर दिशा मी सूर्यावरून शिकवीन. आणि तुमच्या दादाकडे तुम्ही राहायचं.

ओरडू नका, पत्र आहे. नीट वाचा. ऑक्टोबरपासून तुम्ही सात माणसांना सांगत आलात की दादासाठी मी काहीही करीन. करा. जाऊबाईंशी मी बोलले. त्या म्हणाल्या, "खुशाल ठेवून घ्या, अडीच महिने इथे शांतता." गोळ्यांचा तक्ता कपाटाच्या आतल्या बाजूला लावला आहे. रात्रीची पांढरी गोळी जेवणानंतर, आधी नाही. व्यायामाला टाळाटाळ करतात. ऐकून घेऊ नका. दाढी रोज. आधी फुग्यावर साबण लावून सराव करा. फुगा फुटला तर दादाला हात लावू नका.

नाही म्हणायचं असेल तर स्वतःच्या तोंडाने म्हणा. मला, आणि सरळ.

वहिनी


३ मार्च

सौ. वहिनी,

मी नाही म्हणत नाही.

म्हणणार होतो. दोन कच्ची पत्रं लिहिली, दोन्हींत कारणं भक्कम होती. मग बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, "बर्फाच्या पेटीशेजारी बसून सहा देश बघण्यापेक्षा एकदा भावाला बघा."

पण माझं म्हणणं असं की मोहिमेचं दैनंदिन नियंत्रण कुठून तरी झालंच पाहिजे. तेव्हा माहितीपत्रकात माझ्या नावापुढे 'मोहीमप्रमुख (मुख्यालय)' असं राहावं. तुमचं घर हे मुख्यालय. आणि जाकीट मी परत करणार नाही.

फुगे आणले आहेत. आतापर्यंत अकरा फुटले.

आणखी एक. ऑक्टोबरात ते तुमच्या नावचं वाक्य मी तयार केलं. दादाने फक्त 'तिने नाही म्हटलं असं सांग' लिहिलं होतं. 'जड अंतःकरणाने' हे माझं. ते मी गेल्या आठवड्यात बाकीच्या सातही जणांना पत्राने कळवलं, सही करून. दोन जणांनी उत्तरादाखल नुसतं 'समजलं होतं' लिहिलंय.

भाऊजी


२९ एप्रिल
मुख्यालय

सौ. वहिनी,

हे पत्र चौथ्या देशातल्या, खिंडीआधीच्या गावी तुमची वाट पाहत असेल. तिथे तुम्ही सोळा मेच्या सुमारास पोहोचाल असं दादा म्हणतो. तुमचं वाळवंटातलं पत्र मिळालं. तिथे तीन नव्हे, साडेतीन दिवस लागले आणि ठेकेदारांचा हॉर्न दुसऱ्याच दिवशी वाळू जाऊन बंद पडला, हे मी दादाला तीनदा वाचून दाखवलं. हॉर्नच्या ठिकाणी त्याने दरवेळी थांबवून पुन्हा वाचायला लावलं.

इथली हालत सांगतो. तुमचा नवरा हा माणूस नाही, छळवाद आहे. भाजीत मीठ कमी म्हणतो, मग जास्त म्हणतो, मग म्हणतो, "तिच्या हाताला मोजमाप होतं." व्यायामाच्या वेळी झोप लागल्याचं सोंग घेतो. काल मी चिडून म्हणालो, "मी जातो उद्या!" तर म्हणाला, "जा. पण समितीला विचार." माझ्या हातात तेव्हा वस्तरा होता. वहिनी, तुम्ही दोन वर्षं कशी काढलीत? आणि आम्हाला कुणाला एकदाही का नाही म्हणालात? आम्ही यायचो, चहा प्यायचो, नकाशाचं कौतुक करायचो आणि जायचो. तुम्ही का नाही म्हणालात, याचा मला राग येतो. आम्ही का नाही विचारलं, याचाही. पण तो जरा कमी येतो, कारण तो स्वतःवर आहे.

गेल्या आठवड्यात पहाटे तो पडला. न्हाणीघरात. फार लागलं नाही, कोपर खरचटलं. तुम्हाला कळवायचं नाही असं त्याने मला बजावलं. मी म्हटलं, "दादा, तो धंदा मी बंद केलाय." म्हणून कळवतोय. गावातले डॉक्टर पाहून गेले, ठीक आहे. परत फिरायचं का ते तुम्ही ठरवा. आम्ही दोघांनी तुमच्या वतीने काही ठरवलेलं नाही.

खालच्या ओळी त्याच्या. मी वाचणार नाही असं कबूल करून पाठ करून बसलो आहे. अर्ध्या तासात त्याने एवढंच लिहिलं.

भाऊजी


अगं,

कोपर बरं आहे. परत फिरू नकोस असं मी म्हणणार नाही. फीर असंही नाही. विचारलंस तर सांगेन.

खिंडीत दुपारच्या आत चढ. नंतर वारा सुटतो. फोटोवाल्याला नकाशा उलटा धरू देऊ नकोस.

तू गेलीस याचा राग आहे. रोज सकाळी साबण लागला की येतो. तू राहिली असतीस तर तुझा राग रोज समोर उभा राहिला असता. त्यापेक्षा हा माझा बरा. हा मला एकट्याला सांभाळता येतो.